एक सूत

तीस वर्षं लोकांची मापं घेतली,
शुक्रवार पेठेत, जिन्याखालच्या दुकानात.
कुणाला दिवस गेलेत हे
तिच्या सासूआधी माझ्या टेपला कळायचं.

माझं माप सीपीआरमधल्या सिस्टरनं घेतलं.
गोल भोकांचं कार्ड पोटावर ठेवून म्हणाली, "अडतीस."
मी पंख्याकडं बघत होते.
बेंबीच्या डावीकडं, जरा खाली,
आतड्याचं तोंड बाहेर काढून टाचलेलं.
लाल, ओलं, गालाच्या आतल्या कातडीसारखं.
हात लावला तर दुखत नाही, म्हणाले.
दुखत नव्हतं. तेच सहन होईना.

दोन महिने मशीनवर चादर.
भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं संपून
क्षणभर सगळे गप्प झाले
नेमकं तेव्हा ते बोललं, मोठ्यांदा.
शेजारणीनं आपल्या नातवावर डोळे वटारले.
त्या पोराचं ऋण अजून माझ्यावर आहे.
पंगतीआधी पिशवी कडेनं सुटली.
शालूसकट न्हाणीघरात उभी मी,
आणि बाहेरून कुणीतरी कडी वाजवतंय.

मेहरूनबी जमादार तपासणीच्या रांगेत भेटली.
महाद्वार रोडला बांगड्या भरते.
मी पर्स पोटाशी कशी धरलीय
तेवढ्यावरून ओळखलं तिनं.
"किती म्हैनं झालं?"
"कशाला?"
"अगं, मला बी हाय की. आठ वर्सं."
माझा हात धरून साडीवरनं ठेवला तिथं.
काही लागलं नाही हाताला.
"मी बी लई रडलो. मग कट्टाळा आला रडायचा."

मंगळवारी घरी आली, सकाळी, चहाच्या आधी.
"तवर पोट झोपेत असतंय.
साबण नको, साधं पाणी. टीप, घासू नको.
चकती काखेत धर जरा, ऊब लागू दे."
मी अडतीसवर कात्री टेकवली.
"माप घेतलंस?"
मी गप्प.
"टेलर न्हवं तू?
जुन्या मापावर कुणाचं पोलकं बेततीस?"

घेतलं. बत्तीस भरलं.
सूज मला न सांगता उतरली होती.
रात्रभरची ती सगळी आग
उघड्या राहिलेल्या तेवढ्याशा कातडीची.
बत्तीस, आणि भोवती एक सूत मोकळं.
जास्त सोडलं तर जळतं, कमी सोडलं तर काचतं.
हे मी शिकायला आलेल्या पोरींना
पट्टी आपटून सांगत आलेय.
"आता सैल सोड," मेहरूनबी म्हणाली,
घट्ट बांगडी चढवताना म्हणतात त्या आवाजात.
सोडलं.

आता परकराला आतून कप्पा शिवते,
उरलेल्या खणाचे तुकडे जोडून.
तांबडा रस्सा झेपत नाही. पांढरा, वाटीभर, झेपतो.
रात्री कधी दचकून उठते, चाचपते, पुन्हा झोपते.
कधी नाही झोपत.

काल इचलकरंजीचा एक पोरगा आला,
मेहरूनबीनं धाडलेला. विशीतला.
मान वर करेना.
कात्री थरथरली, भोक अंड्यासारखं झालं.
"वाया गेली," म्हणाला. महाग असते, खरंय.

मी खालचा खण ओढून
माझं पहिलं पोलकं दाखवलं त्याला.
दोन्ही बाह्या उलट्या.
बघत राहिला.
म्हटलं, दुसरी घे.
आधी माप.