शिक्का

मार्केट यार्डाच्या पोस्टात
महिला दिनाची तिकिटं पोचली
अठ्ठावीस मार्चला.
शीटवर चारच बायका, फिरून फिरून त्याच:
एक दुर्बिणीला डोळा लावून, एक विमानापाशी,
एक कुस्तीच्या मातीत,
चौथीचं नुसतं कपाळ आणि पुस्तक.

तानुबाई कोळेकर आरडी भरायला आली
हळदीच्या गोदामातून थेट.
काउंटरवर हात टेकला, तिथं पिवळं.
"ही कोण गं?"
विमान चालवते.
"केवढ्याला?"
विमान?
"इमान न्हवं. बाई."
पाच रुपयाला, मावशी.
तिनं उभ्या उभ्या हिशेब केला:
"माझ्या रोजात साठ.
गड्याच्या रोजात शंभर."

मग एक घेतलंच.
पत्र कुणाला, ते ठरलं नव्हतं.
"लेकीला घाल, विट्याला. आत कोरा कागुद चालंल,
तिला कळतंय."
पत्ता मी लिहिला.
तिकीट तिनंच चिकटवलं, जीभ लावून, दाबून.

सोळा वर्षं शिक्का मारतेय.
नियम असा की शाई तिकिटावर पडली पाहिजे,
नाहीतर लोक सोडवून पुन्हा वापरतात.
हात उचलला आणि थांबला.
हेल्मेट काखेत धरून ती सरळ माझ्याकडे बघत होती.
तोंडावर मारू हिच्या, सांगली, तारीख, वेळ?
तिरपा धरला मी शिक्का.
कोपऱ्यात उमटलं अर्धं गोल,
'गली' आणि दोन आकडे.

थैलीत टाकताना दिसलं,
माझ्या आधीच
कुणीतरी मारून गेलं होतं:
विमानाच्या पंखावर
एक अंगठा,
पिवळाजर्द.