आठ लेन पलीकडे

गॅस रोडचं मैदान विकलं गेलं तेव्हा
विल्फ टॉर्डॉफने एवढंच विचारलं,
"तिथे वास येईल का?"

त्याला दिसत नाही, एकोणीस वर्षं झाली.
मी शेजारी बसून सांगत असते
कोण सुटलाय, कुणाचा पाय अडकला,
रेफरी कुठे बघत होता देव जाणे.
पण गॅस रोडवर माझं काम निम्मंच.
कठड्याला पोट टेकलं की
खेळ आणि आपण यांच्यात फक्त चुन्याची रेघ.
चिखलातून बूट उपसल्याचा आवाज,
थ्रो-इन घेणाऱ्याची धाप,
मांड्यांना चोळलेलं ते झणझणीत मलम.
एकदा एक-शून्यने पुढे असताना
चेंडू थेट विल्फच्या मांडीवर आला,
आणि त्याने तो अर्धं मिनिट
बारशाच्या बाळासारखा धरून ठेवला.
समोरच्या संघाचा गोलकीपर शिव्या देत होता.
विल्फ म्हणाला, "आंधळ्याला सापडेना हो, कुठे फेकू?"

आता दोन बस बदलून
कौन्सिलच्या स्टेडियमवर यायचं.
हे बांधलं धावणाऱ्यांसाठी.
नऊ हजार खुर्च्या, त्यात आम्ही चारशे बारा,
आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात
चहा करायला उभं राहावं तसे सगळे,
साखर कुठे ते विचारायची चोरी.

"सांग," विल्फ म्हणतो.
मी सांगते: आधी ट्रॅक, विटकरी,
मग लांब उडीची वाळू, ताडपत्रीखाली,
हातोडाफेकीची जाळी, बांधून ठेवलेली,
कोपऱ्यात स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डा,
त्यात एक सीगल.
"आणि सामना?"
सामना तिकडे लांब,
परक्या गावात कुणाचं तरी लग्न असावं तसा.
लाथ आधी दिसते, थप् मागून येतं.
"तू सांगतेस ते होऊन गेलेलं असतं,"
त्याने विचारलं, "की व्हायचं असतं?"

शून्य-तीन हरलो.
फाटकाशी पिशव्या घेऊन मुलंमुली उभी,
आम्ही कधी निघतो याची वाट बघत.
त्यातली एक, ओलुची, रागावून नाही,
पावसाचं सांगावं तसं बोलली,
"शनिवार आमचा होता."
"आणि गॅस रोड आमचा," विल्फ म्हणाला.
मग जरा थांबून,
"किती रुंद आहे हे तुमचं?"
"आठ लेन. जवळजवळ दहा मीटर."
"मीटर नको. पावलं सांग."

तिने त्याचं कोपर धरलं.
तो वाकला, तळहाताने ट्रॅक चाचपला,
"मांजराची जीभ," म्हणाला.
चौदा पावलं. पंधराव्याला गवत.
तिथे तो गुडघ्यांवर बसला बराच वेळ,
मी दुसरीकडे बघत राहिले.
वास आला की नाही, मी विचारलं नाही.

ओलुची धावायला गेली.
विल्फ पहिल्या लेनच्या कडेला, मान तिरकी करून.
गॅस रोडवर आवाज यायचे आणि निघून जायचे;
हा एकच आवाज, दूर जाई,
पार त्या टोकाला दोऱ्याएवढा उरे,
आणि परत आमच्याकडेच येई.
चौथ्या फेरीला त्याने हात वर केला.
"डावा पाय अडखळतोय तुझा. टाच वाचवतेस."
ती थांबली. कमरेवर हात, तोंडातून वाफ.
"सप्टेंबरपासून," ती म्हणाली,
"कोचला सांगू नका."
"मी कुणाला काय सांगणार? मला तर दिसत नाही."

परतीची बस गॅस रोडवरून जाते.
फ्लडलाइटचे दोन खांब उतरवलेत, दोन उभे आहेत.
हे मी सांगितलं नाही.
वळणावर तो खिडकीकडे वळला,
मग पुन्हा समोर.
"पुढच्या शनिवारी अकराला निघू."
"सामना तीनला आहे, विल्फ."
"ठाऊक आहे मला," तो म्हणाला,
आणि टोपी काढून
मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसला.