चौदाव्या लेव्हलनंतर

रात्री पावणेअकराला धम्मशीलचा फोन. मस्कतच्या डेअरीतून.
पगाराचं नाही, पोरीचं नाही, थेट म्हणाला,
"घणोबा काय करायलाय रे आजकाल?"

घणोबा म्हणजे त्याचा बुटका.
दाढी गुडघ्याला, कुऱ्हाडीचं नाव मावशी.
उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला होतो तेव्हा
शनिवारी दुपारी ॲनाटॉमीच्या हॉलात
घोड्याच्या सांगाड्याखाली सतरंजी टाकून
आम्ही पाच जण नसलेल्या मुलखात जायचो.
वीस बाजूंचा एकच फासा.
घोड्याच्या बरगड्या म्हणजे कधी गुहा, कधी तुरुंग,
शेवटी शेवटी अग्निसर्प.
चौदाव्या लेव्हलला तो मेला. मग फायनलची परीक्षा आली.

"थांब, सांगतो," म्हणालो,
आणि शोधावं काही लागलं नाही.

घणोबा देवणीला. बाजाराच्या मागं बैलांना पत्र्या मारतो.
बैल पाडायला चार गडी लागतात,
हा कानाशी काहीतरी पुटपुटतो, बैल आपणच बसतो.
मावशीला धार लावताना दरवेळी सांगतो,
हिनं अग्निसर्पाची मान तोडलीय.
धारवाला म्हणतो, तीस रुपये.

धम्मशील हसला. मग बराच वेळ नुसती खरखर.
"अन् मन्मथचा जादूगार?"

तो लातूरला, ट्यूशनच्या गल्लीत. फिजिक्स घेतो.
आगीचे गोळे सोडून दुसरं काही सुचायचं नाही त्याला,
दोनदा आपलीच माणसं भाजली, आठवतं?
आता मंत्र विसरलाय.
पण फळ्याकडं तोंड असताना मागं कोण बोलतंय
ते अजून कळतं त्याला.

प्रयागची चोरटी निलंग्याच्या स्टँडसमोर
छत्रीखाली किल्ल्या बनवते.
पतसंस्थेची तिजोरी अडली की तिलाच बोलावणं.
आठ सेकंदांचं काम.
पाऊण तास लावते. उगं संशय नको.

"अन् तुझं पात्र?"
माझं नव्हतंच रे.
मी पहारेकरी होतो, पूल होतो, पाऊस होतो,
वाट चुकवणारा म्हातारा होतो, सर्प मीच,
आणि सराईवाला. दर मुक्कामाला तोच,
खांद्यावर फडकं, "जेवलात का?"

नुजहतच्या वैद्यिणीचं त्यानं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.
तिसऱ्या वर्षी नुजहतचे अब्बा ट्रंक घेऊन गेले तिची,
त्या शनिवारी सतरंजीवर जागा रिकामी.
मी म्हणालो, वैद्यिणीला ताप भरलाय,
सराईत वरच्या खोलीत झोपलीय, तुम्ही व्हा पुढं.
आणि तुम्ही झालात.
खजिन्याचे चारच वाटे पडले, कुणी मोजलं नाही.

फोन ठेवतोय तोवर दुसरा. जळकोटच्या पुढं तांड्यावर
गाय अडलीय, दुपारपासून.
मोटरसायकल, बॅग, दोर, साबण.
बॅटरी धरलेल्या बाईचा हात थरथरत होता.
माझा खांद्यापर्यंत आत. तिथं कसला उजेड,
बोटांनीच बघायचं. डोकं आहे. एक पाय आहे.
दुसरा मागं दुमडलेला.
मनात आलं, वीसपैकी किती पडायला पाहिजेत?
सोळा. सोळाच्या खाली गेलं तर दोन्ही जातील.
कोण टाकणार फासा, कोण मोजणार?
गायीनं कळ दिली, मी कळ जाऊ दिली,
खूर मुठीत घेतला, अलगद,
पुढं.

कालवड. ओली, चिडलेली, जिवंत.
बाई म्हणाली, "जेवून जावा डॉक्टर."
ज्वारीची भाकर, ठेचा. हाताचा वास जात नव्हता.

परतताना रस्त्यावर एकही गाडी नाही.
डाव्या अंगाला लांब एकच दिवा, बहुतेक कुणाची मोटार चालू असेल.
मी गाडी हळू केली.
वरच्या खोलीचा जिना अरुंद आहे, तिसरी पायरी वाजते.
फडकं खांद्यावर घेऊन दाराशी उभं राहायचं,
ठोठवायचं नाही,
नुसतं विचारायचं,
"उतरला का ताप? भाकर टाकू,
का अजून जरा पडताय?"