गवती पिवळा चालेल

तीन महिने बँकेच्या जुन्या डायरीत रकाने आखतोय.
पहिला: अमेरिकेतली फ्रेम. अडीच लाख.
तो रकाना नुसता शेकोटीसारखा, लांबून हात शेकायला.
दुसरा: चीनची, थेट कारखान्यातून. पासष्ट हजार,
अधिक कस्टम, अधिक जीएसटी,
अधिक दोन महिने रोज उठून पार्सल कुठवर आलं ते बघणं.
तिसरा: बावधनची, वापरलेली, स्टिकर खरवडलेले,
पंचावन्न, "थोडंफार बघू".

शर्वाणीनं फोटो पाहिला. "रंग कधी लावणार?"
लावायचा नसतो.
"म्हणजे पंचावन्न हजारांत रंगसुद्धा नाही."
गंजत नाही, मी म्हणालो.
"माळ्यावरचा बंबही गंजत नाही."

मला फार नकोय.
हडपसरच्या पुढं कालव्याच्या कडेनं लोणीपर्यंत
खडी, मुरूम, मधेच म्हशी;
पंचेचाळीसचा टायर बसावा आणि वर बोटभर जागा उरावी,
चिखलासाठी.
ॲल्युमिनियमवर तो रस्ता मनगटातून दातांत येतो.
कार्बनची भीती वाटते. पन्नाशीला टेकलेला माणूस
न दिसणाऱ्या तड्यांना भितोच.

म्हणून भालदारांना घेऊन गेलो.
रझ्झाक भालदार, भोसरी. तीस वर्षं टायटॅनियमचं वेल्डिंग,
केमिकल कारखान्यांच्या नळ्या.
रविवार म्हणून इस्त्रीचा शर्ट, खिशात बॅटरी
आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा.

मुलगा आठवड्यानं जर्मनीला निघालेला.
घरभर उघड्या बॅगा, मधोमध वजनकाटा.
त्याच काट्याला आम्ही फ्रेम टांगली: एक किलो सहाशे.
वजन नंतर, भालदार म्हणाले. आधी सांधे.

"गरम असताना हा धातू हवा पितो.
प्यायला की ठिसूळ. पण झिंगत नाही,
वरून एकदम ठणठणीत दिसतो.
रंगावरून ओळखायचं. चांदी म्हणजे पास.
गवती पिवळा चालेल.
निळा दिसला की चहा प्यायचा आणि निघायचं."

बाहेरून सगळे सांधे चांदी,
शिंप्यानं एका बैठकीत घातलेल्या टाक्यांसारखे.
"बाहेरून काय, घासून कुणीही चांदी करतं."
आरसा सीटच्या नळीत गेला.
मुलगा उगाच फोन बघत राहिला.
मी श्वास धरून, दुर्बीण जणू माझ्याच पोटात.
पिवळा.
पिवळा.
खाली, पेडलच्या नळीपाशी, नखाएवढा निळा.

भालदार बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "इथं वेल्डर दमला होता.
नाहीतर गॅस संपत आला असेल. महिनाअखेर असणार."

चहा आला. आम्ही प्यायलो.
कुणी निघालं नाही.

"मी असतो तर पास केली नसती.
पण माझ्या नळीत ॲसिड असतं. ह्यात काय असतं?"
"हवा," मुलगा म्हणाला.
भालदार हसले, आणि काट्यावरची फ्रेम
एका बोटानं उचलून तशीच धरून राहिले.
"तीस वर्षं. बोल्ट मारून जमिनीला जखडलेलाच बघितलाय हा.
कुठं जाताना कधी नाही बघितला."

मुलाला उत्साह आला.
तिकडे म्हणे थंडीत शर्यती असतात, शेतांतून, चिखलातून;
सायकल रुतली की उडी मारून उतरायचं,
खांद्यावर टाकायची आणि चढ पळायचा.
"मग सायकल कशाला?" भालदार म्हणाले.
मुलानं माझ्याकडं बघितलं. मी डायरीकडं.

एकोणपन्नासला ठरली. नखाचे सहा हजार सुटले.
पैसे त्यानं दोनदा मोजले, आरसा भालदारांनी
रुमालात गुंडाळून परत खिशात ठेवला.

लिफ्ट चालू होती.
तरी भालदारांनी फ्रेम खांद्यात अडकवली
त्या इस्त्रीच्या शर्टावर, आणि चौथ्या मजल्यावरून
जिन्यानं उतरायला लागले.
दुसऱ्या मजल्यापासून पुढं, आवाजावरून सांगतो,
पळत.