महीची वाळू

आज तिकीट काढून आत गेले.
लहानपणी मागच्या दारानं यायची,
बाबांचा डबा घेऊन, फिनाईलच्या वासातून.

वाळवंटाचं दालन जिन्याखाली, तसंच.
काचेआड दुपार. चाळीस वर्षं झाली,
दुपारच.
रंगवलेल्या आभाळाचे पोपडे निघालेत
आणि खाली घुडखर, मान जराशी वळवून,
कुणी हाक मारल्यासारखा.

पाटीवर लिहिलंय: कच्छचं छोटं रण.
वाळू मात्र महीची,
वासदच्या पुलाखालून आणलेली तीन पोती,
आईच्या पिठाच्या चाळणीनं चाळलेली.
आई आठवडाभर बोलली नव्हती.

काटेरी शेपटीचा सांडा.
शेजारी रणकोल्हा,
त्याचा डावा डोळा उजव्याहून पिवळा:
पार्सलातला एक फुटका निघाला,
मग माझी गोटी कापून बसवली.
तो बघतो माझ्याकडे अजून,
अर्धा ओळखतो.

विश्वामित्री शहरात शिरली त्या वर्षी
इथं छातीभर पाणी.
वाळवंट तरंगलं.
बाबांनी आणि रणछोडभाईंनी
एकेक जनावर गच्चीवर नेलं,
कोल्हा कपड्यांच्या दोरीखाली,
घुडखर टाकीला टेकून.
चिखल उपसणाऱ्या माणसांना
चार दिवस वर दिसत होतं
ऊन खात बसलेलं रण.
‘रण छोडीने आव्या, ने पाणीए पकड्या,’
रणछोडभाई पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणायचे
आणि स्वतःच्याच नावाला हसायचे.

पखुर्डीचा नर तेवढा गेला.
हा पक्षी म्हणे पाणवठ्यावर
पोटाची पिसं भिजवून घेतो,
कोसभर उडत येतो,
पिल्लं ती पिसं चोखतात.
‘याला तर भिजायची सवय होती,’
बाबा एवढंच म्हणाले
आणि कोरडे हात शर्टाला पुसत राहिले.

पिल्लं आहेत अजून. तीन,
कापूस भरलेली, चोची वर.
समोर वाळूतून निघालेल्या
दोन गंजक्या तारा, जिथं त्याचे पाय होते.
नवा नर कुणी बसवला नाही.
बाबांनी बसवला असता,
पण त्यांची नोकरी
त्याआधीच संपली.

मी काचेला हात टेकला.
‘बेन, काचने अडशो नहीं,’
नवा रखवालदार मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला.
काढला हात.
मे महिना, घामेजलेला तळवा,
त्याचा ओला ठसा
नेमका चोचींच्या उंचीवर राहिला,
पंख्याचा वारा तिथवर पोचेपर्यंत.