चक्रीवरची रेघ

बैलांच्या प्रदर्शनाचा हॉल. महिन्यातून एक शनिवार
तो आम्हाला भाड्याने मिळतो, वास मात्र बैलांचाच राहतो.
नेब्रास्कातला मार्च, बाहेर चिखल गोठलेला.
टेबलाचे साठ डॉलर.
अकरा वाजून गेले तरी भवानी झाली नव्हती
तेव्हा व्हर्ना ड्रायलिंग आली,
तापलं भांडं फडक्याने धरावं
तशी पेटी अंगापासून थोडी लांब धरून.

अक्रोडाचं लाकूड, वर काच, आत वाइनच्या रंगाची मखमल,
मखमलीत रुतलेलं रिव्हॉल्व्हर.
नळीवर सोन्याची आगगाडी,
गोळ्यांच्या चक्रीवर गव्हाच्या ओंब्या,
मुठीवर आमच्या काउंटीची शंभर वर्षं.
साडेसातशेंपैकी अठ्ठ्याऐंशीवं.
सोबत प्रमाणपत्र, त्यावर छापील सही,
आणि रबरबँडमध्ये अठरा हप्त्यांच्या पावत्या.
"ऑर्विल म्हणायचा," ती म्हणाली,
"ही आपली म्हातारपणाची काठी."

साडेसातशे म्हणजे दुर्मीळ,
असं साडेसातशे जणांना वाटलं.
सगळ्यांनी काच पुसली, गोळी एकानेही झाडली नाही,
आणि आता त्यांच्या बायका एकेक करून
माझ्या टेबलाशी येतात.
सगळ्यांनीच जपलेलं घ्यायला कुणी उरत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही. चष्मा लावला.

आधी रेघ बघायची असते.
चक्री फिरली की तिच्या निळ्याकाळ्या चकाकीवर
केसाएवढी रेघ उमटते,
गोल जाऊन स्वतःलाच मिळणारी.
सोवळ्यातल्या वस्तूवर ती नसावी.
इथे होती. केसाएवढी कुठली, दोऱ्याएवढी,
चांगली रुळलेली.

"ऑर्विल फिरवायचा?"
"ऑर्विल? तो धूळसुद्धा हातमोजे घालून पुसायचा."
मग ती बराच वेळ
कोपऱ्यातल्या लाह्यांच्या यंत्राकडे बघत राहिली.
"रविवारी चर्चची भट्टी पेटवायला
तो तासभर आधी जायचा.
मी काच उघडायचे. सहा वेळा फिरवायचे, हळू.
घरात तेवढाच आवाज.
नेम कशावर धरला नाही कधी.
किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहे
हे त्याला ठाऊक नव्हतं, बस्स."

रेघेचे दीडशे कमी, मी म्हणालो. चारशे देईन.
त्याने सहाशे भरले होते,
सहाशेत फ्रिज आणि धुण्याचं यंत्र
दोन्ही यायचं तेव्हा.
"किती वर्षं फिरवलंत?"
"एकतीस."
पावतीपुस्तकाच्या पाठीवर मी दीडशेला
एकतीस वर्षांच्या रविवारांनी भागलं:
रविवारी नऊ सेंट आणि वर चिल्लर.
तिने पुस्तक आपल्याकडे फिरवून
पेन्सिलीने भागाकार पुन्हा केला.
हसली नाही.
"स्वस्त पडलं," म्हणाली, आणि पेटीची कडी लावली.

जाता जाता पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं दुसरं काढलं,
तिच्या वडिलांचं. निळाई उडालेली,
मूठ सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत,
तिच्यावर कुणाच्या दातांच्या खुणा, कुत्र्याच्या असाव्यात.
त्याचे मी घासाघीस न करता आठशे मोजले.
ती नवलाने बघत राहिली, आधी नोटांकडे, मग माझ्याकडे,
आणि सोनेरी पेटी काखेत मारून निघून गेली.
माझ्या खिशातून आठशे गेले,
भवानी अजून नाहीच.

चार वाजता आवरताना माझंच एक हातात आलं,
दोनशे बारावं, सात वर्षं न खपलेलं.
बिनरेघेचं.
लाह्यांचं यंत्र बंद झालं होतं.
अंगठा चक्रीवर ठेवला.
साठ डॉलर भाडं अजून निघायचं होतं.
अंगठा उचलला, काच लावली,
तेव्हा दिसलं, ओंब्यांवर ठसा राहिलाय.
त्याचे किती कमी करायचे
ते अजून ठरवलेलं नाही.