तुरटीचं पाणी

ऑनोरीनकडे घेर मोजायची एकच फीत.
तिच्यावर तिनं कधी सालं लिहिली नाहीत.
आधी घोटा, मग पोटरी,
मग एका हिवाळ्यात गुडघा दिसला
आणि साऱ्या पॅरिसनं आपापल्या दुर्बिणी पुसल्या.

मलमलीचे अकरा थर.
रंगमंचाच्या कडेला गॅसच्या ज्योती, उघड्या.
तुरटीच्या पाण्यातून काढलं तर कापड सहजी पेटत नाही,
पण पिवळट पडतं, ताठरतं.
लेओकादी म्हणाली,
"मी धुकं आहे, पुठ्ठा नाही."

ती गेल्यावर ऑनोरीननं
सगळ्यात आतला थर उसवला,
बुडवला, वाळवला,
पुन्हा जागच्या जागी शिवला.

गुरुवारी विंगेत लेओकादी थबकली:
"हे काय कुजबुजतंय माझ्या मांड्यांशी?"
"नवं कापड आहे, बाई. बोलतं थोडं."

आता विजेचे दिवे.
झग्याला टुटू म्हणतात,
कमरेभोवती आडवा, ताटासारखा;
ज्योतीपर्यंत पोचेल असं खाली काही लोंबतच नाही.
शिकाऊ ज्युस्तीन नाक मुरडते:
आतल्या थराला हा वास कसला?

म्हातारी दातांनी दोरा तोडते.
कोपऱ्यात बादली आहे.
अजून.